गुण्यात नसलेल्या घराचा नकाशा

एक बाजू ३.६ मीटर, दुसरी ४.८. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या, कागदावर आयत उमटला, खोली संपली. जुन्या वाड्यांचे बरेचसे नकाशे असेच काढलेले असतात. कर्ण कोणी मोजत नाही. खोली गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात असतील, तर तो बरोबर ६ मीटर भरायला हवा. तो ६.०५ भरला, म्हणजे फक्त पाच सेंटिमीटर जास्त, तर तो कोपरा ९० नव्हे, ९१ अंशांचा आहे आणि ४.८ मीटरची भिंत दुसऱ्या टोकाला आठ सेंटिमीटरांहून अधिक सरकलेली आहे. अशा सहा खोल्या एका ओळीत मांडल्या की आतली मापं आणि बाहेरची मापं एकमेकांशी जुळेनाशी होतात. मग नकाशा काढणारा मधल्याच एखाद्या भिंतीची जाडी गुपचूप वाढवून टाकतो. जुन्या वाड्याच्या नकाशात एखादी आतली भिंत विनाकारण अडीच फूट जाड दिसली, तर ती पुष्कळदा भिंत नसतेच. ती साठत आलेली चूक असते.

वास्तुरचनेचा अभ्यास करणारे डिझायनर लेझर स्कॅनरकडे आणि फोटोग्रामेट्रीकडे, म्हणजे फोटोंवरून मापं काढण्याकडे, वळले, ते या दुखण्यापायी. स्कॅनर खोलीला आयत समजत नाही. त्याला खोली, भिंत, दार यांतलं काहीच ठाऊक नाही. आपल्यापासून कुठल्या दिशेला किती अंतरावर काहीतरी आडवं आलं, एवढंच तो लिहून ठेवतो. त्यामुळे ओळंब्यात नसलेली भिंत ओळंब्यात नाही अशीच उतरते. खेदाची गोष्ट पुढे आहे. एवढ्या खटाटोपाने टिपलेला वाकडेपणा पुढच्याच टप्प्यावर, मॉडेल करताना, पुन्हा सरळ केला जातो. जुन्या इमारतीत वाचण्यासारखं जे असतं ते बरंचसं त्या वाकडेपणातच असतं.

इमारत लांबून मोजायची कल्पना नवी नाही. १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलरच्या कॅथीड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला. फोटोवरूनच मापं काढता आली तर, हा विचार त्याने तिथून धरला तो सोडला नाही. १८६७ मध्ये ‘फोटोग्रामेट्री’ हा शब्द छापून आला आणि १८८५ मध्ये बर्लिनमध्ये वास्तूंचे मापनयोग्य फोटो काढणारी सरकारी संस्था त्याच्या हाताखाली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना त्या संस्थेने काचेवर काढलेले फोटो कामाला आले. आज आपण करतो तेही मूळ तेच आहे, फक्त हिशेब संगणक करतो.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण म्हणून देशावरचा नेहमीचा वाडा घेऊ: दोन चौक, दोन मजले, बाहेरच्या भिंती खाली घडीव दगडाच्या आणि वर विटांच्या, आत सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांवर फळ्या. स्कॅनर तिपाईवर उभा राहतो, त्याचा आरसा उभ्या पातळीत गरगर फिरतो, धड आडवं सावकाश वळतं, आणि तिपाईखालचा गोल सोडला तर सगळीकडचं टिपलं जातं. एक मिलिमीटरचा फरक म्हणजे स्कॅनरने सोडलेल्या लेझर-किरणाच्या जाण्यायेण्यात सुमारे ६.७ पिकोसेकंदांचा फरक. इतकी बारीक वेळ मोजणं अवघड, म्हणून इमारतींसाठी वापरले जाणारे पुष्कळ स्कॅनर वेळ थेट मोजत नाहीत. पाठवलेली लहर आणि परतलेली लहर एकमेकींपासून किती सरकल्या ते मोजून अंतर काढतात. सेकंदाला दहा लाख बिंदू ही आता साधी गोष्ट आहे. दहा मीटरवर दोन बिंदूंत सहा मिलिमीटर अंतर, अशी मांडणी ठेवली तर चार मीटरवरच्या भिंतीवर ते अंतर अडीच मिलिमीटरच्या आत येतं. नकाशासाठी तेवढं पुरतं. याहून दाट मांडणीचा मोह टाळावा, कारण वेळ आणि फाइल दोन्ही वाढतात आणि नकाशात फरक पडत नाही.

पहिला दिवस स्कॅनर पेटीतच ठेवून घालवावा. घर हिंडायचं, हातानेच कच्चा आराखडा काढायचा आणि तिपाई कुठे कुठे उभी राहणार ते त्यावर मांडायचं. अशा वाड्याला साठ ते ऐंशी जागा लागतात. ऐकणाऱ्याला हा आकडा फार वाटतो, पण वाडा म्हणजे मोकळा हॉल नव्हे. प्रत्येक खांब आपल्यामागे सावली टाकतो, प्रत्येक माजघराला दोनच दारं असतात, आणि स्कॅनरला जे दिसलं नाही ते नकाशात नाही. शेजारशेजारच्या दोन स्कॅनमध्ये निदान तीस-चाळीस टक्के भाग सामाईक हवा, तरच ते एकमेकांना जोडता येतात. खरी कसोटी दारात लागते. दोन खोल्यांत एकेक स्कॅन घेतला आणि मधलं दार अरुंद असलं, तर दोघांना सामाईक दिसते ती फक्त चौकटीची एक फट. तेवढ्यावर जुळवणी केली की दुसरी खोली बिजागरीवर फिरल्यासारखी थोडी वळते. यावर इलाज एकच आहे: उंबरठ्यावर तिपाई उभी करून एक जादा स्कॅन घ्यायचा, दोन्ही खोल्या दिसतील असा.

भिंतीच्या जाडीत बसवलेला जिना सगळ्यात जास्त वेळ खातो. रुंदी जेमतेम दोन-अडीच फूट, पायऱ्या उंच, वर आडवी झडप. इथे दर तीन-चार पायऱ्यांवर एक स्कॅन लागतो आणि तिपाईचा एक पाय खालच्या पायरीवर, दोन वरच्या, अशी कसरत करावी लागते. झडपेपाशी कंटाळा केला तर वरचा मजला खालच्यापासून सुटतो. मग दोन्ही मजले स्वतंत्रपणे अगदी अचूक असतात आणि एकमेकांवर बसत नाहीत.

वरच्या मजल्यावर आणखी एक घोळ होतो. कडीपाटाची जमीन माणूस चालला की हलते. स्कॅनर मध्यभागी फळीवर उभा असेल आणि स्कॅन चालू असताना कोणी दारातून डोकावलं, तर यंत्र किंचित कलतं, आणि तेवढ्यात टिपलेला भिंतीचा पट्टा बाकीच्या भिंतीपासून काही मिलिमीटर पुढेमागे सरकतो. क्लाउडमध्ये, म्हणजे टिपलेल्या सगळ्या बिंदूंच्या ढगात, भिंतीला उभी पायरी पडल्यासारखी दिसते. तिपाईचे पाय फळीच्या मध्यावर न ठेवता खालची कडी जिथे जाते तिथे, शक्यतो भिंतीलगत ठेवावेत. खिळ्यांची ओळ दिसली की कडी सापडते. स्कॅन सुरू करून आपण खोलीबाहेर जावं आणि बाहेरही उभं राहावं, येरझाऱ्या घालू नयेत.

स्कॅन एकमेकांना जोडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खुणा: बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे कागद किंवा पांढरे गोळे. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये निदान तीन खुणा सामाईक हव्यात आणि त्या एका सरळ रेषेत नकोत, कारण रेषेतल्या तीन खुणांभोवती अख्खा स्कॅन गोल फिरू शकतो. भित्तिचित्रं असतील तिथे चिकटपट्टी लावायची नाही. खुणा स्टँडवर ठेवायच्या. पावसाळ्यात कागद दमटतो, फुगतो आणि खुणेचा मध्य सरकतो, म्हणून त्या कडक पत्र्यावर चिकटवलेल्या बऱ्या. दुसरा मार्ग खुणांशिवायचा. दोन क्लाउड जवळ आणून ठेवायचे आणि सॉफ्टवेअर जवळचे बिंदू शोधत, थोडं सरकवत, पुन्हा शोधत ते एकमेकांवर बसवतं. बेसल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही रीत आजही जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. ती सोयीची आहे आणि तिच्या अहवालातले आकडे फसवे आहेत. प्रत्येक जोडणीत दोन मिलिमीटर चूक, असं वाचून बरं वाटतं. पण चौकाभोवती वीस जोडण्या करत आपण पहिल्या जागी परत येतो तेव्हा त्या बारक्या चुका एका दिशेने साठलेल्या असू शकतात. म्हणून चौकाची फेरी नेहमी बंद करायची, म्हणजे शेवटचा स्कॅन पहिल्याला जोडायचा. आणि खर्च परवडत असेल तर टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने, चौकात, मागल्या अंगणात आणि रस्त्यावर मिळून पाच-सहा पक्के बिंदू आधीच मोजून ठेवायचे. वाडा त्या बिंदूंना बांधला की फरफटत नाही.

यंत्राला न दिसणाऱ्या आणि चुकीच्या दिसणाऱ्या गोष्टींची ओळख करून घ्यावी लागते. स्वयंपाकघरातल्या काजळी धरलेल्या तुळया किरण गिळून टाकतात. तिथून बिंदू कमी येतात आणि जे येतात ते खरखरीत असतात. तिपाई जवळ नेऊन दुसरा स्कॅन घेणं भाग पडतं. आरसा, काचेच्या हंड्या, घासलेलं पितळ यांच्यावरून किरण दुसरीकडे जाऊन परततो आणि आरशामागे एक अख्खी खोटी खोली तयार होते. हौदात पाणी असेल तर तळ खोटा येतो, तेव्हा आरशावर चादर टाकावी आणि हौद उपसावा. ओल्या काळ्या दगडाचं दुखणं काजळीसारखंच. सगळ्यात त्रासदायक म्हणजे कडा. किरण हा सुईचं टोक नसतो, काही मिलिमीटर जाडीचा ठिपका असतो. त्याचा अर्धा भाग खांबाच्या कडेवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला की यंत्र दोन्हींच्या मधलं अंतर देतं, जिथे खरं तर हवा आहे. प्रत्येक खांबाला मागच्या बाजूने असे पिसारे फुटतात. ते गाळायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण गाळणी कडक केली की खऱ्या नक्षीच्या कडाही झिजतात.

त्यामुळेच कोरीवकाम स्कॅनरवर सोडू नये. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी सज्ज्यासारखं लाकूडकाम असेल, सुरूदार खांब, केळफुलं, हस्त (खांबाच्या माथ्यावरचे आधार), तर तिथे कॅमेराच हवा. हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. ३५ मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवरून फोटो काढला तर लाकडावरचा ०.३४ मिलिमीटर एका पिक्सेलमध्ये येतो. लेन्स झूमची नको. फोकस एकदा ठरवला की त्याला हात लावायचा नाही, लेन्सचं छिद्र एफ-८ च्या आसपास, कॅमेरा तिपाईवर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने काही प्रक्रिया न केलेली. एका फोटोतला सत्तर-ऐंशी टक्के भाग पुढच्या फोटोत यायला हवा. एका जागी उभं राहून कॅमेरा नुसता फिरवला तर सॉफ्टवेअरला काय जवळ आणि काय लांब ते कळत नाही; पावलं सरकली पाहिजेत. खांबाभोवती तीन उंचींवरून फेऱ्या माराव्यात आणि काही फोटो मुद्दाम तिरपे काढावेत, कारण सगळे फोटो समांतर असले की सपाट दर्शनी भाग मध्ये फुगलेला किंवा खोलगट येतो. चौकात ऊन उतरण्याआधी काम उरकावं. अर्धं ऊन, अर्धी सावली असली की सावलीची कड हीच नक्षी आहे असं सॉफ्टवेअर धरून चालतं आणि दुपारी ती कड हललेली असते.

फोटोग्रामेट्रीला स्वतःचं माप नसतं, हे विसरणारे पुष्कळ. फोटोंवरून आकार कळतो, आकारमान नाही. तीन फूट उंचीचा खांब आणि तीस फूट उंचीचा खांब तिला सारखाच. म्हणून मोजलेल्या लांबीच्या पट्ट्या चित्रात ठेवायच्या, एक उभी आणि दोन आडव्या, आणि एखादी पट्टी हिशेबात न घेता फक्त तपासणीसाठी राखून ठेवायची. दुसरी अडचण वाड्यातच येते. चौकाच्या चारही बाजूंना एकसारखे खांब. सॉफ्टवेअर फोटोंतली सारखी ठिकाणं शोधून जोड्या लावतं, आणि पूर्वेच्या ओसरीचा खांब पश्चिमेच्या खांबाशी आनंदाने जुळवून टाकतं. चौक दुमडला जातो. प्रत्येक खांबापाशी वेगळा क्रमांक असलेली खूण ठेवली की हे थांबतं. नुकत्याच चुना दिलेल्या कोऱ्या भिंतीवर मात्र जुळवायला काहीच नसतं. तिथे भिंत स्कॅनरकडून घ्यावी आणि नक्षी कॅमेऱ्याकडून.

फोनमधल्या लायडारबद्दल, म्हणजे छोट्या लेझर स्कॅनरबद्दल, लोक हमखास विचारतात. २०२० पासून काही आयफोन आणि आयपॅडमध्ये तो आहे. त्याची पोच पाचेक मीटर, चूक सेंटिमीटरांत. पहिल्या दिवसाच्या कच्च्या आराखड्यासाठी उत्तम. भिंत किती कलली हे ठरवायला निरुपयोगी. हातात धरून चालत फिरवायचे स्कॅनरही असतात. अर्ध्या तासात वाडा होतो, पण लांब सोप्यातून जाताना ते वाट सोडतात. छपरासाठी ड्रोन न्यायचा असेल तर ड्रोन नियम २०२१ आणि कुठे उडवायला परवानगी लागते ते दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आधी पाहावा. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे.

घरी परतल्यावर फाइलींचा डोंगर. एका बिंदूला तीन अंकांचे बारा बाइट, रंगाचे तीन, परतलेल्या किरणाच्या तीव्रतेचा एक: सोळा. एका स्कॅनमध्ये चार कोटी बिंदू धरले तर ६४० मेगाबाइट, आणि सत्तर स्कॅन म्हणजे ४५ गीगाबाइट, फोटो वेगळे. हे सगळं एकदम उघडू नये. जुळवणी झाली की पाच मिलिमीटरला एक बिंदू एवढं विरळ करून काम करावं, मूळ जसंच्या तसं बाजूला ठेवावं. क्लाउडकम्पेअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे.

आता नकाशा. क्लाउडचा दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा आडवा काप घ्यायचा आणि त्यावरून रेघा ओढायच्या. आधुनिक घरात हा काप जमिनीपासून १.२ मीटरवर घेतात. वाड्यात एका कापाने भागत नाही. खिडक्यांच्या बैठका खाली असतात, कारण माणसं जमिनीवर बसायची. कोनाडे खांद्याच्या उंचीवर. आणि सुरूदार खांब वर जाताना निमुळता होतो. ०.३, १.२ आणि २ मीटर असे तीन काप निदान हवेत. तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, सगळ्यात खालच्या कापात सापडतो, आणि सापडला नाही तर ती स्वतंत्र बातमी आहे. तिच्याकडे येतोच.

यानंतर रिव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बिम मॉडेल, म्हणजे भिंत, खांब, दार अशा भागांनी बनलेलं संगणकातलं मॉडेल, करायचं असतं, कारण अर्ज, निविदा, अंदाजपत्रक सगळं त्यावर चालतं. जुन्या वास्तूंसाठी क्लाउडवरून असं मॉडेल करायची पद्धत २००९ पासून डब्लिनमधल्या अभ्यासकांच्या कामामुळे रुळली. या सॉफ्टवेअरची भिंत म्हणजे जन्मतः उभी, सरळ, एकाच जाडीची. खांब म्हणजे एक नमुना आणि त्याच्या चाळीस प्रती. क्लाउडवर भिंत ठेवताना सॉफ्टवेअर वाकडेपणाचा मध्य काढतं, काम करणारा ओके म्हणतो, आणि वरच्या टोकाला सात सेंटिमीटर बाहेर गेलेली भिंत ओळंब्यात उभी राहते. चाळीस खांबांतला एक नंतर बदललेला आहे, त्याचा घेर वेगळा आहे, कोरणी उथळ आहे, हेही त्या एका नमुन्यात गडप होतं. पन्नास रुपयांच्या टेपने काढलेला नकाशा आणि लाखोंच्या यंत्राने काढलेला नकाशा मग सारखेच दिसतात. दुसरा जास्त गुळगुळीत, एवढंच.

मॉडेल सरळ करूच नये असा माझा आग्रह नाही. प्रत्येक फळीचा बाक मॉडेलमध्ये आणला तर ते उघडणारही नाही. आग्रह एवढाच, की काय सरळ केलं ते लिहावं. नकाशाच्या कोपऱ्यात ‘हे मॉडेल क्लाउडपासून १५ मिलिमीटरपर्यंत दूर असू शकतं’ असा स्पष्ट शेरा हवा, आणि जिथे त्याहून जास्त फरक आहे त्या भिंतींचे रंगीत फरकनकाशे सोबत जोडलेले हवेत. भिंतीला सपाट पातळी बसवायची, प्रत्येक बिंदू तिच्यापासून किती आतबाहेर आहे ते मोजायचं आणि रंग द्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करण्याला सबब नाही.

कारण वाकडेपणाला रूप असतं आणि रूपावरून कारण ओळखता येतं. तुळईचं उदाहरण घ्या. तिच्या खालच्या अंगाचा उभा काप काढायचा आणि उंची वीसपट ताणून पाहायची. सलग, गुळगुळीत धनुष्याकृती बाक दिसला तर ते शंभर-दीडशे वर्षांच्या भाराने लाकूड सावकाश वाकल्याचं लक्षण. नव्या लाकूडकामाच्या संरचनेत गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, २४० व्या भागापर्यंतचा बाक चालवून घेतात, म्हणजे तीन मीटरला साडेबारा मिलिमीटर. जुनी तुळई चाळीस मिलिमीटर वाकलेली असली की ती मर्यादा दाखवून ‘धोकादायक’ असा शिक्का मारतात. पण ती मर्यादा नवी तुळई ठरवण्यासाठी आहे. जुनी तुळई चाळीसवर येऊन कित्येक दशकं तशीच थांबलेली असू शकते. बाकाऐवजी एकाच ठिकाणी कोन पडलेला दिसला तर मात्र तिथे गाठ आहे, खाच आहे किंवा वाळवी आहे. आणि तुळई सरळ असून एका टोकाला उतरली असेल तर दोष तुळईचा नाहीच, खालच्या खांबाचा आहे.

तिथे तळखडा आठवायचा. सागवानी खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे ओल वर चढत नाही. पुढे भाडेकरू आले, फरशीवर फरशी बसली, कोबा झाला, जमीन चार-सहा इंच वर आली आणि तळखडा गाडला गेला. खांबाचा पाय ओलीत उभा राहिला, कुजला, दबला. क्लाउडमध्ये हे नुसत्या आकड्यांनी दिसतं: खालच्या कापात तळखडा नाही, जमिनीपासून हस्तापर्यंतची उंची बाकीच्या खांबांहून कमी, आणि वरची तुळई त्याच टोकाला उतरलेली. वरच्या सज्ज्यात नंतर काढलेली मोरी किंवा संडास असेल तर हाच प्रकार मजल्यावर चालतो.

भिंतीचंही तसंच. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पृष्ठभाग एकाच काटछेदात पाहावेत. दोन्ही समांतर कलले असतील तर भिंत कलते आहे, आणि कड्यांची टोकं भिंतीतून किती बाहेर आली ते पाहायचं. आतला सरळ असून बाहेरचा फुगला असेल तर दर्शनी थर आतल्या भरावापासून सुटला आहे. हा निवाडा करायला आत-बाहेर बिनचूक जुळलेलं असावं लागतं, आणि त्यांना जोडणारा दुवा पुष्कळदा एकच दिंडी दरवाजा असतो. उंबरठ्यावरचा तो जादा स्कॅन इथे वसूल होतो. अर्थात फुगवटा हा नुसता नंतर थापलेला गिलावाही असू शकतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहावं. पोकळ वाजलं तर क्लाउडवर विसंबू नये.

भिंत अजून सरकते आहे का, हा खरा प्रश्न असतो, आणि एका स्कॅनने त्याचं उत्तर मिळत नाही. वर्षाने दुसरा घ्यावा लागतो. पण दोन्ही स्कॅनची जुळवणी प्रत्येकी साधारण ४ मिलिमीटरने चुकत असेल तर दोघांची मिळून चूक ५.७ होते, आणि ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ११. म्हणजे अकरा मिलिमीटरच्या आतला कुठलाही फरक ‘हालचाल’ म्हणून सांगायचा नाही, रंगीत नकाशा कितीही लाल दिसो. भेगेवर लावलेली काचपट्टी किंवा मोजपट्टी याहून बारीक उत्तर देते आणि तिला वीज लागत नाही.

यंत्राने क्लाउडमधले खांब-भिंती आपोआप ओळखाव्यात यासाठी आता एआय आहे. ते शिकतं हाताने नावं दिलेल्या नमुन्यांवरून. २०२० मध्ये खुला झालेला ‘आर्च’ हा वारसा-वास्तूंचा बहुतांश युरोपीय संच त्यातला ठळक. त्याचे दहा वर्ग आहेत: कमान, स्तंभ, गलथे, जमीन, दार-खिडकी, भिंत, जिना, घुमटी छत, छप्पर आणि इतर. तुळईला त्यात वर्ग नाही, कडीला नाही. ज्या घराचा अख्खा वरचा मजला तुळया-कड्यांवर तोललेला आहे ते घर त्या यंत्राच्या नजरेत बरंचसं ‘इतर’ आहे. वाड्याच्या क्लाउडवर कडी, तुळई, हस्त, तळखडा अशी नावं घालून संच तयार करणं हे मराठी वास्तुविद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगं काम आहे, आणि नावं घालणाऱ्याला सुतारकाम कळायला हवं. २०२३ पासून गाजणारं गाउसियन स्प्लॅटिंग, म्हणजे फोटोंवरून जागेचं फिरून पाहता येणारं दृश्य तयार करायची रीत, वेगळं: चौकातला उजेड, काच, पितळ ते इतकं सुंदर दाखवतं की लोक त्यावरून मापं घ्यायला निघतात. घेऊ नयेत. त्यात पृष्ठभागच नसतो, रंगाचे पुसट ठिपके असतात.

स्कॅन पृष्ठभागावर थांबतो. खांबाच्या डोक्यावरची खुंटी तुळईतल्या खाचेत किती खोल गेली, तुळईचं भिंतीत बसलेलं टोक शाबूत आहे की नाही, हे त्यात येत नाही. पॅरिसच्या नोत्र-दामचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये पन्नासहून अधिक जागांवरून ते कॅथीड्रल स्कॅन केलं, अब्जाहून अधिक बिंदू. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर जगभर चर्चा झाली ती त्या स्कॅनची. पण छपराखालचं जळून गेलेलं मध्ययुगीन ओकचं लाकूडकाम रेमी फ्रोमों आणि सेड्रिक त्रांतसो या वास्तुविशारदांनी आगीपूर्वी काही वर्षं जवळून, लाकूड अन् लाकूड पाहून, रेखाटून ठेवलं होतं. सुतारांनी कुऱ्हाडीने ओंडके घडवून ते पुन्हा उभारलं तेव्हा कोणतं लाकूड कशात कसं अडकतं हे सांगायला ती रेखाटनं होती. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा उघडलं.

म्हणून वाड्यातही स्कॅननंतर दोन दिवस हाताच्या कामाला ठेवावेत: टॉर्च, आरसा, टोचणी आणि कागद. प्रत्येक तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी टोचणी किती सहज शिरते ते नोंदवावं. सांध्यांची चित्रं काढावीत, सुताराच्या खुणा टिपाव्यात, आणि या नोंदींना क्लाउडमधल्या खांब-तुळयांचेच क्रमांक द्यावेत, नाहीतर दोन्ही वह्या वेगळ्या राहतात.

सगळं झाल्यावर काय सोपवायचं, यावर करारातच चार ओळी हव्यात. यंत्राच्या कंपनीच्या स्वतःच्या फाइली दहा वर्षांनी उघडतील याची हमी नाही, म्हणून प्रत्येक स्कॅन ई५७ या खुल्या स्वरूपात, वेगवेगळा, विरळ न करता. जुळवणीचा अहवाल. रॉ फोटो. मॉडेल आणि त्याचे फरकनकाशे. आणि पक्क्या बिंदूंची यादी कागदावर छापलेली, प्रत्येक बिंदूच्या फोटोसकट. हे बिंदू म्हणजे स्टेनलेस स्टीलचे खिळे, जोत्याच्या दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात ठोकलेले, दगडात छिद्र न पाडता. आणि त्यांतले दोन तरी वाड्याच्या बाहेर, वाडा सरकला तरी जे सरकणार नाहीत अशा ठिकाणी.